अनॉनची रांग

खंजीरबाई हे नाव ऐकून कुणी दचकू नये. भाजी चिरायच्या सुरीपलीकडे त्यांनी जन्मात पातं हातात धरलेलं नव्हतं, आणि ती सुरीसुद्धा इतकी बोथट की टोमॅटो तिला दाद देत नसे. नाव पडलं ते कोशाच्या कचेरीत. इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत सांगणारा एक भलाथोरला कोश तिथे वर्षानुवर्षं तयार होत होता. जो शब्द वापरातून गेला, जो बोलणारं एकही तोंड शिल्लक राहिलं नाही, त्याच्या आधी छापताना खंजिराची बारीकशी खूण घालायची, अशी कोशवाल्यांची जुनी रीत. ती खूण घालायची की नाही हे ठरवायचं काम बाईंकडे. म्हणजे शब्द गेल्याचा दाखला त्यांनी द्यायचा, मग बाकीच्यांनी त्याला पोचवायचं.

बाई कामाला चोख होत्या, आणि चोख माणसं सहवासाला जरा जडच जातात. संपादक म्हणायचे, "हा गेलाय हो, उघड दिसतंय." बाई चष्म्याच्या वरून बघायच्या. "धुगधुगी असेल अजून. घाई कशाला?" असं म्हणून त्या रांग मांडायला घ्यायच्या, आणि सगळी कचेरी घाम पुसायचे रुमाल हाताशी घ्यायची.

रांग म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. जुन्या-नव्या पुस्तकांत एखादा शब्द जिथे जिथे आला, ती वाक्यं आणि त्यांची सालं पातळ कार्डांवर उतरवून ठेवलेली असत. शब्दाची पाळी आली की त्याची सगळी कार्डं काढायची आणि खिडकीपासून दारापर्यंत जोडलेल्या टेबलांवर सालवार मांडायची. सगळ्यात जुनं खिडकीशी, सगळ्यात नवं दाराशी. मग खिडकीपासून दाराकडे सावकाश चालत एकेक कार्ड वाचायचं. जिथे अर्थाने वळण घेतलंय असं वाटेल, तिथे दोन कार्डांच्या मधे लाकडी पट्टी आडवी ठेवायची. अलीकडचा एक अर्थ, पलीकडचा दुसरा. कार्डं पातळ आणि पंखा जोरकस, म्हणून रांग मांडली की पंखा बंद, खिडक्या बंद. शिवाय नियम असा की ज्याने रांग मांडली त्यानेच ती उचलायची, आणि उचलेपर्यंत गाव सोडायचं नाही. पूर्वी एक गृहस्थ रांग टेबलावर टाकून मेव्हण्याच्या लग्नाला गेले होते. मागे झाडणारीने टेबल पुसायला म्हणून सगळं गोळा केलं, आणि पट्ट्या कुठे होत्या याचा थांगपत्ता लागला नाही. तेव्हापासूनचा हा नियम.

हिशेबनिसाचं टेबल त्याच दालनात होतं, कारण त्याची खोली कार्डांनी कधीच गिळली होती. तो बिचारा घामाने निथळत विचारायचा, "बाई, तुमचा शब्द मरायचा तेव्हा मरो, माझं काय?"

"तुम्हाला खूण घालायचं काम माझ्याकडे नाही," बाई म्हणायच्या.

अशा या बाईंना रक्ताचं माणूस एकच, त्यांची ताई. आई लवकर गेली. वडील फिरतीच्या नोकरीवर. घरी यायचे ते पाहुण्यासारखे आणि जायचे तेही पाहुण्यासारखेच. ताई वयाने बरीच मोठी. तिने शाळा सोडली, पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडलं आणि धाकटीला वाढवलं. धाकटीच्या फ्रॉकला खाली वीतभर कापड आत दुमडलेलं असे. पोरगी उंच झाली की ताई दुमड सोडायची, पण जुन्या शिवणीची रेघ काही केल्या जायची नाही. वर्गातल्या मुली म्हणायच्या, हिचं वय हिच्या फ्रॉकवरच वाचावं. धाकटी रडत घरी आली तर ताई म्हणाली, "वाचू दे की. त्यांना तेवढंच वाचता येतं." धाकटीचं रडं तिथल्या तिथे थांबलं.

अभ्यास मशीनशेजारी बसून करायचा, आणि ताईचा हुकूम होता, "मोठ्याने वाच. मशीनच्या वर ऐकू आलं पाहिजे." ती सवय अशी अंगात मुरली की पुढे कचेरीतही बाई कार्डं खणखणीत आवाजात वाचत आणि हिशेबनिसाची बेरीज चुकत असे.

ताईला सुईत दोरा ओवायचा कंटाळा. मशीन थांबलं की आतल्या खोलीकडे हाक यायची, "अगं, सुई!" धाकटी "आलेच" म्हणायची तेव्हा तिचा एक पाय दारात असायचा. कित्येकदा तर हाक पुरी व्हायच्या आत ती समोर हजर, तोंडाने काही म्हणायची गरजच नाही. हे ताईला फार आवडायचं. ओवलेली सुई हातात घेऊन ती धाकटीच्या तोंडाकडे एकदा नीट बघायची आणि मगच मशीन पुढे चालवायची.

पुढे कॉलेज आलं. हातातलं पान संपवून उठायची सवय लागली. "तुझं आलेच म्हणजे दूध उतू गेल्यावर," ताई म्हणायची, पण दूध तीच उतरवायची. मग कोशातली नोकरी लागली, तीही अर्ध्या दिवसाच्या प्रवासावरच्या गावी. सुरुवातीला बाई दर सुट्टीला घरी जात. मग एखादी सुट्टी चुकायला लागली, मग एखादीच गाठली जायला लागली. घरात फोन आल्यावर तर सोयच झाली. जाणं राहिलं आणि "आलेच, ताई" तेवढं सुरू राहिलं. यात बाईच तेवढ्या दोषी असं मी म्हणणार नाही. अंगाला साबण लावलेला असतो आणि आपण फोनवर सांगतो, निघालोच. धुतल्या तांदळासारखं कोण आहे?

पण एक गोष्ट खरी आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बाईंना काम फार प्रिय होतं, आणि ताईकडे गेलं की त्या पुन्हा धाकटी व्हायच्या. ताई त्यांचे कपडे उलटे करून शिवणी तपासायची, वाळलीस म्हणायची, रात्री पांघरूण नीट केलंय का ते बघायची. इकडे कचेरीत त्यांच्या शब्दावर छापखाना थांबत होता. तिकडे जाऊन कुणाची तरी धाकटी व्हायचं, हे चष्मा लावलेल्या, केस पिकलेल्या बाईला दरवेळी सोसत नसे. म्हणून टेबलावर एखादी रांग मांडलेली असली की त्यांना मनातून बरंच वाटायचं. नियमच होता, गाव सोडायचं नाही. आणि रांग काय, एक उचलली की दुसरी मांडता येते.

त्या वर्षी थंडी संपता संपता ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग ताई म्हणाली, "डोळ्यांचं जरा दुखणं लागलंय माझ्या."

"म्हणजे? मोतीबिंदू का?"

"नाही गं. ते आतल्या पडद्याचं काहीतरी. वयाचं आहे म्हणतात. औषधाने फारसं थांबत नाही. तसं बरंय. एकदा येऊन जा. दिसतंय तोवर तुझं तोंड नीट बघून ठेवते."

बाईंच्या काळजात चर्र झालं. खरंच झालं. "आलेच, ताई. एवढी रांग उचलते आणि आलेच."

ती रांग उचलली. तेवढ्यात कोशाच्या पहिल्या खंडाची नवी आवृत्ती निघाली आणि कामाचा डोंगर पुन्हा ए या अक्षरापासून सुरू झाला. ताईचा फोन येई, बाई डोळ्यांची चौकशी करत, ताई म्हणे, "बरी आहे गं मी." पूर्वी ताई बरी आहे म्हणायची तेव्हा खरोखर बरी असायची. बाईंनी तोच अर्थ धरला आणि त्या पुढच्या कार्डाकडे वळल्या.

उन्हाळा तापला आणि अनॉन या शब्दाची पाळी आली.

हा इंग्रजी शब्द आता कुणी बोलत नाही. कुणी बोललाच तर थट्टेने, जुन्या नाटकातल्यासारखा आवाज काढून. संपादकांना ते पान संध्याकाळपर्यंत छापखान्यात हवं होतं. "खंजीर घाला आणि मोकळ्या व्हा," ते म्हणाले. "अर्थ तीन. पट्ट्या दोन. माझ्या डोळ्यांसमोर आत्ताच दिसतायत."

"रांग मांडते," बाई म्हणाल्या. हिशेबनिसाने न सांगता उठून पंखा बंद केला आणि रुमाल मानेभोवती गुंडाळला.

खिडकीशी हजारेक वर्षांपूर्वीची कार्डं आली. तिथे हा शब्द अजून एक झालेला नव्हता, दोन सुटे शब्द होते, आणि त्यांचा अर्थ 'एकात'. एका क्षणात, एका दमात. आपलं एकदम म्हणतो ना, नेमकं ते. देवाची हाक येते आणि साधू एकदम उठतो. राजा बोट दाखवतो आणि घोडेस्वार एकदम निघतो. मधे बसणं नाही, जोडे शोधणं नाही. बाई मोठ्याने वाचत पुढे सरकल्या. काही शतकांनी दोन शब्दांचा एक झाला. आता अर्थ 'लगेच'. हेही ठीक, माणूस लगेच निघतो. आणखी पुढे आल्यावर कुणीतरी 'अनॉन' म्हणतं आणि आधी पेला संपवतं. मग एका खानावळीत गिऱ्हाईक हाका मारतंय आणि वाढपी आतून ओरडतोय, अनॉन, अनॉन! येतोय कुठला? आपल्याकडचा वाढपी आलो आलो म्हणतो तेव्हा आपण पेपरचं दुसरं पान उघडतो, तसलाच प्रकार. त्याच्या पुढच्या कार्डांवर तर लेखक स्वतःच लिहितो, या विषयाकडे आपण अनॉन येऊ, आणि पाच प्रकरणं दुसरंच सांगत बसतो. शेवटी दाराशी अर्थ उरला, 'पुढेमागे केव्हातरी'.

बाईंनी पट्टी उचलली. वाढप्याच्या आधी ठेवली. पुन्हा वाचलं आणि उचलली. कारण वाढपी खोटं बोलत नव्हता. त्याला त्या क्षणी यायचंच होतं, हातातलं ताट खाली ठेवलं की तो येणारच होता. पेला संपवणाऱ्यालाही लगेचच उठायचं होतं. बाई मागे गेल्या, पुढे आल्या. एकही माणूस असा सापडेना, ज्याने अनॉन म्हणताना मनात 'केव्हातरी' धरलं होतं. म्हणणारा प्रत्येक जण आत्ताच म्हणत होता. तरी खिडकीपासून दारापर्यंत येता येता आत्ताचं केव्हातरी झालं होतं.

"बाई, ठेवा की कुठेही," हिशेबनीस कळवळून म्हणाला. "चार बोटं इकडे काय नि तिकडे काय!"

"कुठेही कशी ठेवू? लोक विश्वासाने वाचतात."

तेवढ्यात हिशेबनिसाच्या टेबलावरचा फोन वाजला. त्याने ऐकून तो बाईंपुढे धरला. ताई होती. ताई कचेरीत कधी फोन करत नसे.

"कामात आहेस का? मग नंतर करते."

"नाही नाही, बोल."

"काही विशेष नाही. मशीन शेजारणीच्या सुनेला देऊन टाकतेय. तुला आधी विचारावं म्हटलं. तुला हवं होतं का?"

बाईंच्या हातात पट्टी तशीच होती. "मशीन? का देतेस?"

"धूळ खातंय नुसतं. तिच्या उपयोगी पडेल."

"ताई, तू बरी आहेस ना?"

"बरी आहे गं."

"मी आलेच, ताई."

"हो हो, ये की," ताई म्हणाली. तिच्या आवाजात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. निघालेल्या पाहुण्याला आपण दारात 'बसा की अजून' म्हणतो आणि तो 'पुन्हा येईन' म्हणतो, तितक्याच सहज ती म्हणाली. मग फोन ठेवायच्या आधी तिने पलीकडे कुणाला तरी सांगितलेलं बाईंना ऐकू आलं, "घेऊन जा गं आजच. ती काही यायची नाही."

बाईंनी फोन ठेवला. मग टेबलाकडे वळल्या. सगळ्या कार्डांवर म्हणणाऱ्यांची वाक्यं होती. ऐकणाऱ्यांचं एकही कार्ड नव्हतं. गिऱ्हाइकाने वाढप्याची वाट बघणं कधी सोडलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. आणि वळण तर तिथेच होतं. बाईंना आपली लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

त्यांनी रांग उचलायला सुरुवात केली. खिडकीकडून दाराकडे, भराभर, सालं न बघता. गठ्ठ्याला रबर लावलं, पट्टी खणात टाकली आणि भिंतीपाशी जाऊन पंख्याचं बटण दाबलं. वर गरगर सुरू झाली तसा हिशेबनीस उठून उभाच राहिला.

संपादक आतून धावत आले. "अहो, पान? पट्ट्या कुठायत?"

"खंजीर घाला. पट्ट्या तुमच्या डोळ्यांसमोर होत्याच, त्या ठेवा."

"पण तुम्ही निघालात कुठे? परत कधी येणार?"

बाईंच्या जिभेवर नेहमीचा शब्द आला होता. त्यांनी तो गिळला. "माहीत नाही," त्या म्हणाल्या आणि पिशवी घेऊन जिना उतरल्या.

बस रडतखडत गेली. उन्हं उतरताना बाई गल्लीच्या तोंडाशी पोचल्या. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत मशीनच्या जागी फरशीवर चार पायांचे चार फिकट ठसे होते, आणि शेजारी स्टुलावर ताई बसली होती.

"कोण ते?" ताई म्हणाली. मग तिची मान जराशी हलली. "अगंबाई! तीच का अजून निळी पिशवी?"

बाईंचा जीव भांड्यात पडला. पिशवी दिसते, तिचा रंग दिसतो. म्हणजे उशीर झालेला नाही. त्या जाऊन ताईसमोर खाली बसल्या, अगदी तोंडासमोर तोंड आणून. ताईने त्यांचा हात हातात घेतला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

बाईंनी ओळखलं. रुसली. रुसायला हवंच होतं. त्या सरकून खिडकीच्या बाजूला जाऊन बसल्या, तर ताईने तोंड भिंतीकडे केलं.

"ताई, रागाव माझ्यावर. हवं तेवढं बोल. पण बघ तरी माझ्याकडे."

"बघतेच आहे की गं."

"भिंतीकडे बघतेयस तू."

ताई हसली. "सरळ बघितलं की तू दिसत नाहीस. मधोमध डाग येतो. जिथे बघावं नेमकं तिथेच. भिंत दिसते, दार दिसतं, तुझी पिशवी दिसते, तुझं तोंड तेवढं जातं. बाजूला बघितलं की तू कडेकडेने थोडी येतेस. आता सरकू नकोस, एका जागी बस. मीच वळते."

बाई एका जागी बसल्या. त्यांनी विचारलं, "हे कधीपासून?"

"ते कळलंच नाही बघ. रोज थोडं थोडं. एक दिवस सुईचं नेढं दिसेना, तेव्हा लक्षात आलं."

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं की," ताई म्हणाली. "तू आलेच म्हणालीस."

बाहेर शेजारणीकडून आपल्याच जुन्या मशीनचा आवाज येत होता. शिकाऊ हात होता, अडखळत चालत होता.

"केस पिकले का गं तुझे?" ताईने विचारलं.

"पिकले."

"सगळे?"

"बरेचसे."

"माझ्याकडे तुझे अजून काळेच आहेत," ताई म्हणाली आणि बाईंचा हात थोपटत राहिली.

त्या पानावर खंजीर छापला गेला. संपादकांनी पट्ट्या त्यांच्या मनाप्रमाणे ठेवल्या आणि कुणा वाचकाची तक्रार आल्याचं ऐकिवात नाही. बाई कचेरीत परत गेल्या त्या राजीनामा द्यायला आणि टेबलाचा खण रिकामा करायला. हिशेबनीस म्हणाला, तुमच्यावाचून करमणार नाही, आणि म्हणताना पंख्याखालून हलला नाही.

आता बाई ताईकडेच असतात. सकाळी ताईला मोठ्याने पेपर वाचून दाखवतात. शेजारच्या मशीनच्या वर ऐकू आलं पाहिजे असा ताईचा हुकूम आहे. बाकी वेळ आतल्या खोलीत त्यांचं वाचन चालतं. परवा वाचता वाचता पुढच्या खोलीतून हाक आली, "अगं..."

पान अर्ध्यावर होतं. हाक पुरी व्हायच्या आत बाई दारात होत्या, तोंडाने काही न म्हणता. ताईला बहुधा पाणी हवं होतं, पण तिने ते लगेच मागितलं नाही. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि धाकटीकडे नीट बघितलं.